यादीत नसलेली माणसे

(बुटीबोरी येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



या वर्गात मी लाटव्हियाविषयी बोलावे, अशी आपल्या तरुण मित्रांची इच्छा होती. बाल्टिक समुद्राच्या काठचा हा देश. त्याची आजची लोकसंख्या आपल्या नागपूर जिल्ह्याच्या निम्म्याइतकीही नाही. १९९१ साली तो सोव्हिएत संघाच्या जोखडातून बाहेर पडला आणि त्यासाठी तेथील जनतेने बंदूक हाती घेतली नाही. एका मित्राने मला प्रश्न लिहून पाठविला होता : ‘तेथल्या साध्या माणसांना त्या लढ्याचे आज काय आठवते?’ प्रश्न मला आवडला. मी मिळेल ते वाचू लागलो. परंतु वाचता वाचता तोच प्रश्न उलटून माझ्या अंगावर आला. आपल्या साध्या माणसांना आपल्या लढ्याचे काय आठवत होते, आणि ते आपण कोठे ठेवले? लाटव्हियाला आपण जाणारच आहोत; पण बुटीबोरी स्टेशनावरून जाऊ.

आपण बसलो आहोत तेथून आगगाडीची शिट्टी ऐकू येते. १९२३ सालच्या उन्हाळ्यापावसाळ्यात वर्धा, मुंबई, गुजरात या बाजूंचे सत्याग्रही याच लोहमार्गाने नागपूरला जात होते. त्यांना जे करावयाचे होते ते ऐकून आजच्या मुलांना हसू येईल. हातात झेंडा धरून नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधून चालत जावयाचे, एवढेच. झेंडा म्हणजे आजचा तिरंगा नव्हे. पांढरा, हिरवा व तांबडा असे पट्टे आणि त्यांवर चरखा, असा तो खादीचा झेंडा होता. तो शहरात फिरविला तर सरकारला फारसे वावडे नव्हते. परंतु सिव्हिल लाइन्स ही साहेबांची वस्ती. गोऱ्या अधिकाऱ्यांच्या बंगल्यांपुढून तो जावा, हे सरकारच्या प्रतिष्ठेला झेपणारे नव्हते. त्या वर्षीच्या मार्चमध्ये जबलपूरला नगरपालिकेवरील झेंड्यावरून ठिणगी पडली. १३ एप्रिलला, जालियनवाला बागेच्या स्मृतिदिनी, नागपुरातील मिरवणूक पोलिसांनी सिव्हिल लाइन्सच्या वाटेवर अडविली. १ मेपासून जमनालाल बजाज यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला. मग नित्याचाच क्रम बसला. तुकडी निघावयाची, १४४ कलमाखाली अडवली जावयाची, पकडली जावयाची. दुसऱ्या दिवशी दुसरी तुकडी. या चार महिन्यांत हजाराहून अधिक माणसे तुरुंगात गेली.

पुढची हकीकत आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहे. जूनमध्ये जमनालालजींना अटक होऊन दीड वर्षाची शिक्षा व तीन हजार रुपये दंड झाला. विनोबांनाही याच सत्याग्रहात शिक्षा झाली. नागपूरच्या व पुढे अकोल्याच्या तुरुंगात ते होते. जबलपूरहून सुभद्राकुमारी चौहान आल्या आणि पकडल्या गेल्या. हुबळीचे डॉक्टर ना. सु. हर्डीकर आपल्या स्वयंसेवकांसह तुरुंगात गेले आणि त्याच अनुभवातून पुढे हिंदुस्थानी सेवा दल उभे राहिले. गांधीजी त्या वेळी येरवड्याला बंदिवासात होते. जुलैमध्ये वल्लभभाई पटेलांनी सूत्रे हाती घेतली. अखेर १८ ऑगस्ट १९२३ रोजी झेंडा घेतलेली मिरवणूक सिव्हिल लाइन्समधून गेली आणि कोणी अडविले नाही. परवानगी मागितली होती की नुसते कळविले होते, यावर पुढे बराच वाद माजला. तो वाद मी विद्वानांवर सोडतो.

या साऱ्या इतिहासात मला सर्वांत मोलाची वाटते ती गोष्ट मात्र कोणत्याही पुढाऱ्याची नाही. जमनालालजींनी दंड भरण्याचे नाकारले, तेव्हा सरकारने त्यांची मोटारगाडी जप्त करून विकावयास काढली. नागपुरात ती घेणारा मिळेना. शेवटी ती काठेवाडात नेऊन विकावी लागली, असे सांगतात. विचार करा. १९२३ साली मोटार ही काही साधी वस्तू नव्हती आणि ती जप्तीच्या मालाच्या भावात मिळत होती. नागपुरात पैसेवाले होते, सरकारधार्जिणेही होते. तरीही कोणी पुढे झाले नाही. कोणी काही केले नाही, हीच येथे कृती होती. आणि जो लिलावात बोलला नाही त्याचे नाव कोठे लिहिणार?

आता थोडे घरचे सांगतो, त्याबद्दल क्षमा असावी. माझ्या आजीचे माहेर येथून वर्ध्याच्या दिशेला असलेल्या एका खेड्यातले. तिचा थोरला भाऊ झेंड्याच्या सत्याग्रहात नागपूरला गेला होता. आजी त्या वेळी पंधरा वर्षांची, नुकती लग्न झालेली. मी शाळकरी असताना ती मला ही गोष्ट सांगत असे, आणि तिच्या गोष्टीत झेंडा जवळजवळ नसेच. असे ते चून-भाकर. भाऊ पहाटे निघाला. मालगुजाराला कळू नये म्हणून गावाच्या स्टेशनावर न जाता शेतातून पायी बुटीबोरीपर्यंत आला. आई रात्रभर भाकरी थापीत होती. "रडे अन् थापे, थापे अन् रडे," एवढेच आजी सांगे. वडील ओसरीवर पाठ करून बसले होते. ते एक शब्द बोलले नाहीत. पण भाऊ उंबरा ओलांडून गेल्यावर त्यांनी आपली वहाण उचलली आणि "हे नेऊन दे त्याले" म्हणून धाकट्याला मागे धाडले. त्या घरात वहाणांचा तेवढा एकच जोड होता.

आजी असेही सांगे की भाऊ तुरुंगात असताना गांधीबाबा तेथे येऊन सर्वांच्या पाठीवर हात फिरवून गेले. कॉलेजात गेल्यावर मी तिची चूक काढली. गांधीजी तेव्हा येरवड्याच्या तुरुंगात होते, ते नागपूरला कसे येतील? आजी गप्प बसली आणि त्यानंतर तिने ती गोष्ट मला पुन्हा कधी सांगितली नाही. मी इतिहासाचा विजय मिळविला होता. आज त्याची मला लाज वाटते.

कारण तीच आजी सांगत असे : "धोंड्याच्या महिन्यात गेला, पोळ्याच्या आधी आला." धोंड्याचा महिना तिच्या लक्षात राहिला याचे कारण उघड आहे. लग्नानंतरचा तो पहिला अधिक मास. जावयाला जेवावयास बोलवावयाचे होते आणि घरातील कर्ता मुलगा सत्याग्रहाला निघून गेला. अलीकडे मी जुने पंचांग काढून पाहिले. १९२३ साली ज्येष्ठ अधिक होता, म्हणजे मेच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत. त्यामुळे सारे सण लांबले आणि पोळा सप्टेंबरच्या १० तारखेच्या सुमारास आला. १८ ऑगस्टला मिरवणूक झाली, त्यानंतर कैदी सुटू लागले, आणि भाऊ पोळ्याच्या आधी घरी आला. अक्षरशत्रू असलेल्या आजीचा हिशेब पुस्तकाशी दिवसाबरहुकूम जुळतो. गांधीजी आले नव्हते. पण आपला पोरगा तुरुंगात असताना त्याच्या पाठीवर कोणाचा तरी हात असावा, ही त्या घराची गरज होती. ती गरज खरी होती. ती मी टिपून ठेवावयास हवी होती, खोडावयास नव्हे.

१९७२ साली, स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवी वर्षात, केंद्र सरकारने स्वातंत्र्यसैनिकांसाठी निवृत्तिवेतनाची योजना सुरू केली. ती व्हावयास हवी होती आणि तिने अनेक वृद्धांच्या घरात चूल पेटती राहिली, हे प्रथम सांगितले पाहिजे. त्या योजनेची सर्वसाधारण अट सहा महिन्यांच्या कारावासाची. स्त्रियांना व अनुसूचित जाती-जमातींच्या सैनिकांना तीन महिन्यांची. आता १ मेपासून बोटे मोजा. नागपूरचा झेंडा सत्याग्रह मेमध्ये सुरू झाला आणि ऑगस्टमध्ये संपला. पहिल्या दिवशी पकडला गेलेला माणूसही त्या एका सत्याग्रहाच्या बळावर सहा महिने भरू शकत नाही. लढा लवकर जिंकला, हाच त्याचा दोष! माझे मामाआजोबा ऐंशीच्या जवळ आले होते. ते एका कचेरीत गेले. तेथील माणूस सभ्य होता, त्याने पाणी दिले, कागद वाचून दाखविला आणि महिने विचारले. यांनी सांगितले, तीनच्या आत. ते घरी आले, टोपी खुंटीला लावली आणि तो विषय संपला. त्यांना पैसे हवे होते असे मला वाटत नाही. आपण तेथे होतो, हे कोठे तरी लिहिलेले असावे, एवढेच हवे होते.

आणि रात्रभर भाकरी थापणाऱ्या आईने कोणत्या कचेरीत जावे? वहाण देऊन उन्हाळ्याच्या फुफाट्यात अनवाणी चाललेल्या बापाने किती महिने भरले, हे कोण मोजणार? सरकारला यादी लागते आणि यादीला अट लागते, हे मला मान्य आहे. माझी तक्रार सरकारशी नाही. सरकारची यादी तीच आपलीही स्मृती झाली, ही माझी तक्रार आहे. आपण, म्हणजे लोकांत राहणारे म्हणविणारे कार्यकर्तेसुद्धा, गावात गेल्यावर विचारतो : येथे स्वातंत्र्यसैनिक कोण होते? कोणी तरी एक ताम्रपट दाखवितो, आपण हार घालतो आणि पुढच्या गावी जातो.

आता लाटव्हियाकडे वळू. १९१८ साली स्वतंत्र झालेला हा देश १९४० साली सोव्हिएत सैन्याने व्यापला. त्याच्या आदल्या वर्षी, २३ ऑगस्ट १९३९ रोजी, स्टालिन व हिटलर यांच्या सरकारांनी केलेल्या करारात या देशांची गुपचूप वाटणी झाली होती. १४ जून १९४१ रोजी सुमारे पंधरा हजार आणि २५ मार्च १९४९ रोजी बेचाळीस हजारांहून अधिक माणसे, त्यांत म्हातारी आणि लेकुरवाळी, मालगाड्यांत घालून सैबेरियाकडे धाडण्यात आली. हे समाजवादाच्या नावाने झाले. ते सांगताना आपली मान खाली जावयास हवी; पण आपल्या परंपरेने तेथे डोळे मिटले नव्हते, हेही आठवावे. १९५६ साली हंगेरीत रणगाडे शिरले तेव्हा जयप्रकाशजींनी त्याचा निःसंदिग्ध निषेध केला होता. लाल निशाण खांद्यावर असले म्हणजे साम्राज्य हे साम्राज्य राहत नाही, असे आपण कधीच मानले नाही.

तेथेही गोष्ट झेंड्यापाशीच येते. स्वतंत्र लाटव्हियाचा गडद तांबड्या रंगाचा, मधे पांढरा पट्टा असलेला झेंडा बंदीत होता. तो बाळगणे हा गुन्हा होता. १४ जून १९८७ रोजी राजधानी रीगामधील स्वातंत्र्यस्मारकापाशी काही माणसे हद्दपार झालेल्यांच्या आठवणीसाठी फुले घेऊन गेली. नुसती फुले. सिव्हिल लाइन्समधून चालणे जेवढे लहान, तेवढेच हे लहान. दोन वर्षांनी, त्या कराराला पन्नास वर्षे झाली त्या दिवशी, एस्टोनिया, लाटव्हिया व लिथुएनिया या तीन देशांतील सुमारे वीस लाख माणसांनी हातात हात घालून सहाशेहून अधिक किलोमीटरची साखळी उभी केली. पंधरा मिनिटे धरून ठेवलेला शेजाऱ्याचा हात, हेच त्यांचे शस्त्र. बुटीबोरीहून रस्त्याने निघून पुण्याच्या वेशीजवळ पोहोचेपर्यंत माणसाला लागून माणूस उभा आहे, अशी कल्पना करा.

खरी कसोटी १९९१ च्या जानेवारीत आली. १३ जानेवारीला शेजारच्या लिथुएनियात, व्हिल्नियस शहरात, सोव्हिएत सैन्याने माणसे मारली. ती बातमी येताच रीगामध्ये लोक आपण होऊन रस्त्यावर उतरले. खेड्यांतून शेतकरी ट्रॅक्टर घेऊन आले. लाकडाचे ओंडके भरलेले ट्रक, काँक्रीटचे ठोकळे आणून संसदभवन, नभोवाणी, दूरध्वनी केंद्र यांच्याभोवती अडसर रचले गेले. ऐन हिवाळ्यातील ते दिवस. लोक शेकोट्या पेटवून रात्री जागत, गात. बायका चहा आणि गरम सूप आणीत. मोठ्या चर्चमध्ये दवाखाना मांडला होता. रणगाड्यापुढे ओंडक्यांचा अडसर टिकला नसता, हे तेथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला माहीत होते. परंतु अडसर मोडावयाचा तर माणसे मारावी लागतील, आणि ती जगासमोर मारावी लागतील, हे मॉस्कोलाही माहीत होते. नि:शस्त्र प्रतिकाराचे सारे यंत्र या एका गोष्टीवर चालते. १९२३ च्या नागपुरातही ते याच गोष्टीवर चालले. २० जानेवारीला तेथील गृहखात्याच्या इमारतीवर सोव्हिएतांच्या विशेष पोलिसांनी हल्ला केला. त्यात दोन पोलीस व एक शाळकरी मुलगा जागीच गेला. चित्रीकरण करणाऱ्या दोघांना गोळ्या लागल्या. एक त्याच रात्री गेला, दुसरा काही दिवसांनी. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मॉस्कोतील बंड फसले आणि लाटव्हिया पूर्ण स्वतंत्र झाला.

त्या दिवसांचे एक संग्रहालय आज रीगामध्ये आहे, आणि अडसरापाशी उभ्या राहिलेल्या हजारो सामान्यांना सरकारने स्मृतिचिन्ह दिले आहे. तुरुंगाचे महिने विचारले नाहीत, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. ट्रॅक्टर चालविणारा, सूप वाटणारी, शेकोटीत लाकूड घालणारा, यांच्या आठवणी हाच तेथे इतिहास आहे.

परंतु मी तुम्हाला तेथल्या अंगणाची स्वच्छ बाजूच दाखविली तर ते बरे नव्हे. स्वातंत्र्यानंतर लाटव्हियाने नागरिकत्व दिले ते १९४० पूर्वीचे नागरिक व त्यांचे वंशज यांना. सोव्हिएत काळात तेथे येऊन राहिलेले, बहुतेक रशियन बोलणारे, सुमारे सात लाख लोक ‘बिगरनागरिक’ झाले. त्यांना भाषा व इतिहासाची परीक्षा देऊन नागरिकत्व मिळविता येते. पुष्कळांनी ते मिळविले, आणि २०२० पासून जन्मणाऱ्या मुलांना तर ते आपोआप मिळते. पण त्या जानेवारीत शेकोटीभोवती रशियन बोलणारेही उभे होते. म्हणजे तेथेही यादी आली, यादीबरोबर अट आली. ज्या लोकांना सैबेरियाच्या गाड्या आठवतात त्यांची भीती मी समजू शकतो. तरीही ज्याच्या हातात आपण हात दिला त्याला नंतर कागद विचारणे मला पटत नाही. बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीत बिहार, ओरिसा, उत्तर प्रदेश येथून आलेल्या कामगारांत जे काम करतात, त्यांना मी काय म्हणतो ते अधिक सांगावयास नको.

आता कामाचे. १९२३ ची माणसे गेली. १९४२ ची जवळजवळ गेली. गोवा सत्याग्रह तर आपल्या चळवळीने अंगावर घेतला होता. १५ ऑगस्ट १९५५ रोजी पोर्तुगीज गोळीबारात वीसहून अधिक सत्याग्रही पडले. त्या दिवशी झेंडा हाती धरून गोळ्या झेललेल्या सहोद्राबाई राय सागरच्या. सागर तेव्हा ज्या मध्यप्रदेशात होते त्याची राजधानी नागपूरच होती. त्या तुकड्यांत वीस वर्षांचा असलेला तरुण आज नव्वदीच्या घरात आहे. आणीबाणीत तुरुंगात गेलेले सत्तरी ओलांडून बसले आहेत. हाती वेळ किती उरला ते दिसतेच आहे.

तेव्हा वही घेऊन जा. मात्र पुढाऱ्यांची नावे विचारू नका. ती ऐकून ऐकून पाठ झालेली असतात आणि म्हातारा माणूस मग भाषणच करू लागतो. घर कोणी चालविले ते विचारा. कर्ज कोणाकडून काढले? मुलाला शाळेत काय ऐकावे लागले? शेजाऱ्याने ओळख दाखविली की दार लावून घेतले? माझा मामाआजोबा मृगाच्या तोंडावर गेला. त्या वर्षी त्या घरची पेरणी कोणी केली, हे मी आजीला कधी विचारलेच नाही. आता ते सांगणारे कोणी नाही. कोणी सांगताना चुकले तर चूक तशीच लिहा. बाजूला समासात आपली शंका लिहा. तारखेसाठी सण विचारा, पीक विचारा, दुष्काळ विचारा, घरातील लग्ने आणि बाळंतपणे विचारा. जी बाई म्हणेल की, "मी काही केलं नाही, मले काय विचारता," तिच्याजवळ अधिक वेळ बसा.

चाळीस पानी वह्या या टेबलावर ठेवल्या आहेत. एक वही एका माणसासाठी, दोघांच्या आठवणी एकत्र करू नका. पहिली वही मी घेतो. स्टेशनापलीकडे एक वृद्ध बाई राहतात. त्यांचे पती आणीबाणीत नागपूरच्या तुरुंगात होते, आणि त्या काळात तीन मुलांसह त्यांनी शिवणयंत्रावर घर ओढले. पतीच्या मुलाखती पुष्कळांनी घेतल्या. बाईंना अद्याप कोणी काही विचारलेले नाही. येत्या रविवारी सकाळी मी त्यांच्याकडे जाणार आहे. त्यांना ऐकू कमी येते आणि माझाही आवाज आता चढत नाही; तेव्हा खणखणीत आवाजाचा कोणी बरोबर येणार असेल तर त्याने आत्ताच सांगावे.